रिकाम्या चौकोनांचा वर्ग

मामी, आम्ही तुझ्या बेसमेंटमध्ये राहायला आलो तेव्हा तिथे एकच खिडकी होती, जमिनीला टेकलेली, आणि पहिल्याच हिवाळ्यात ती बर्फाने बुजून गेली. मग बर्फ जाईपर्यंत सकाळ झाली की संध्याकाळ, हे आम्हाला वर तुझ्या किचनमधल्या आवाजांवरून कळायचं. मिक्सर लागला की सकाळ. तुझ्या सपातांची फटफट थांबली की दुपार, म्हणजे तू जरा पडली असशील. बर्फ वितळायला लागला की कोपऱ्यातला पाणी उपसायचा पंप घरघरायचा आणि बाबा म्हणायचे, चला, आला यांचा उन्हाळा.

बाबा नाशिकला एका कारखान्यात टर्नर होते. शिक्षण सातवी. आईने दहावीच्या वर्षी शाळा सोडली, कारण घरात एकालाच पुढे शिकवणं परवडणार होतं आणि तो एक म्हणजे मामा. मामा इंजिनियर झाला, अमेरिकेत आला, आणि ही गोष्ट तो विसरला नाही. बाबांचा कारखाना बंद पडला त्याच सुमारास त्याने फार पूर्वी बहिणीसाठी करून ठेवलेल्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा नंबर लागला आणि आम्ही तिघं शिकागोजवळ नेपरव्हिलला तुझ्या दारात येऊन उभे राहिलो. बाबा एका गोदामात खोकी उचलायला लागले. आई लिपस्टिकच्या कांड्या डब्यांत भरायला जायची. मी आठवीत. घरात इंग्रजी मलाच त्यातल्या त्यात यायचं, म्हणून बँकेत, दवाखान्यात, कुठेही गेलं तरी आईबाबा आणि समोरचा माणूस यांच्यामधली खुर्ची माझी.

बाबांची पाठ धरली ती तिथेच, खोकी उचलून उचलून. मी त्यांच्याबरोबर बऱ्याच डॉक्टरांकडे गेले. मी सांगायचे, ते लिहायचे, आम्ही गोळ्या घेऊन घरी यायचो. एका डॉक्टरने मात्र मला मध्येच थांबवलं, बाबांना पालथं झोपायला सांगितलं आणि त्यांच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ नुसता उभा राहिला. परत येताना बाबा गाडीत म्हणाले, "या माणसाला मराठी येत असावं." त्या डॉक्टरच्या पाटीवर एम.डी.च्या जागी डी.ओ. लिहिलेलं होतं. ते मी तेव्हाच मनात ठेवलं.

तुला हे सगळं माहीत आहे. तरी लिहितेय, कारण इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्याबद्दल चार ओळी छापून आल्या आहेत. नाव, गाव, मागे कोण कोण, आणि 'गृहिणी'. मामाने तेवढंच सांगितलं असेल. त्या आठवड्यात त्याला दुसरं काय सुचणार होतं? पण मला त्या एका शब्दावरून भांडायचं आहे, आणि भांडायला नेमकी तूच नाहीस.

दोन हजार एक साली मला ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डी.ओ.वाल्या, मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. आईबाबा तोवर गोदामाजवळच्या अपार्टमेंटमध्ये गेले होते, पण कॉलेज तुझ्या घरापासून जवळ, म्हणून तू परस्पर ठरवून टाकलंस की पोरगी इथेच राहील, खालीच, जुन्या जागी. त्या वर्षीच्या गणपतीला मंडळात एका काकांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, डी.ओ. म्हणजे काय ग, एम.डी. नाही मिळालं का? मी समजावायला लागले की यात एम.डी.सारखंच सगळं असतं, शिवाय स्नायू आणि हाडांवर हातांनी उपचार करायचं शिक्षण असतं. काका म्हणाले, "म्हणजे हाडवैद्य." लोक हसले. तू मोदकांचं ताट घेऊन मागे उभी होतीस.

"हाव, हाडवैद्य," तू म्हणालीस. "तुमची मान जरा जास्तच ताठ दिसून राहिली. दाखवून घ्या एकदा पोरीला."

घरी आल्यावर मात्र तू मला बाजूला घेऊन विचारलंस की हे खरंच डॉक्टर असतं ना. आणि मी हो म्हटल्यावर पुढे कधी विचारलं नाहीस. फक्त 'हाडवैद्यीण' हे नाव ठेवलंस आणि ते शेवटपर्यंत वापरलंस.

कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात मी टाइमटेबल छापून तुझ्या फ्रिजवर लावलं. कधी घरी असेन ते तुला कळावं, एवढाच हेतू. सकाळी आठ ते बारा सलग लेक्चर. दुपारी काही दिवस डिसेक्शन, एक दिवस हातांच्या उपचारांची लॅब, जिथे आम्ही विद्यार्थीच एकमेकांच्या पाठी आणि माना तपासायला शिकायचो. बाकीच्या दुपारी रिकाम्या. कॉलेज त्याला इंडिपेंडंट स्टडी म्हणायचं, पण छापताना त्या चौकोनांत काहीच छापत नसे. नुसते कोरे चौकोन.

तू चष्मा लावून ते नीट वाचलंस. लग्नाआधी तू नागपूरला प्राथमिक शाळेत शिकवत होतीस. टाइमटेबल वाचायला तुला कोणी शिकवायची गरज नव्हती. कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवून म्हणालीस, "बरेच ऑफ तास आहेत तुला."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं नेहा अजून म्हणते. पण तुझी लेक या घरात जन्मली, तिला काय कळणार. आईने मला निघताना बजावलं होतं की आपण त्या घरात राहिलोय, मामीला नाही म्हणायचं नाही. आणि तुला हायवेवर गाडी घालायची भीती वाटायची, मामा सकाळी ट्रेनने शिकागोला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा, नेहा शाळेत. मग मंगळवारची दुपार भाजीची झाली. गुरुवारी देऊळ. कधी तुझी भिशी, कधी तुझा दात, कधी कुणाच्या तरी सुनेचं डोहाळजेवण. मी गाडीच्या मागच्या सीटवर शरीराच्या चित्रांचा अॅटलास ठेवायचे आणि तू आत गेलीस की पार्किंगमध्ये वाचायचे. तू दोन पिशव्या घेऊन बाहेर यायचीस आणि कौतुकाने म्हणायचीस, बाप्पा, सुट्टीतही पुस्तक.

तुला त्रास द्यायचा नव्हता, उलट तू माझी काळजीच घेत होतीस. तुझ्या मते पोरगी सकाळभर शिकून दमलेली असायची, दुपारी तिला जरा हवा खायला न्यायलाच पाहिजे. आईचंही तेच मत होतं. आमच्या घरात शिकणं म्हणजे वर्गात बसणं. वर्ग सुटला की शिक्षण सुटलं. कोऱ्या जागेत खरा अभ्यास असतो हे कळायला घरात आधी कोणीतरी कॉलेजात गेलेलं असावं लागतं. मामा गेला होता, पण मामाने फ्रिजवरचा कागद वाचला असेल तर शपथ.

ऑक्टोबरमध्ये मी अॅनाटॉमीत नापास झाले. लेखी आणि प्रॅक्टिकल, दोन्हीत. सल्लागार प्राध्यापिकेने बोलावून शांतपणे सांगितलं की वर्षअखेर विषय सुटला नाही तर उन्हाळ्यात एक संधी, आणि तीही गेली तर जागा जाईल. मी घरी येऊन जेवायच्या टेबलावर जसंच्या तसं सांगितलं. मामा म्हणाला, वर्गात लक्ष दे जरा. तू वाढता वाढता थांबलीस.

"वर्गात लक्ष असते तिचं," तू मामाला म्हणालीस. मग माझ्याकडे वळलीस. "काय कमी पडून राहिलं?"

मी म्हटलं, वेळ. तू म्हणालीस, वेळ? दुपारभर तर तू मोकळी असते. तेव्हा नेहाने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "मॉम, दॅट्स नॉट फ्री टाइम. दॅट्स द होल पॉइंट."

मग मी सांगितलं. सकाळी शिक्षक भराभर दाखवून जातात की काय काय शिकायचं आहे. शिकायचं ते त्या कोऱ्या चौकोनांत, आपलं आपण. सांगितलं नाही तेही परीक्षेत येतं. लेक्चरच्या एका तासामागे तसा दुप्पट वेळ लागतो, निदान मला तरी.

तुझा चेहरा मला अजून दिसतो, गुन्हा कबूल करणाऱ्याचा नव्हता तो. वर्गात एखादं मूल मागे का पडतंय ते बाईंच्या एकदम लक्षात यावं, तसा होता.

"मग तसं लिहून काहून नाही ठेवलं तिथं?" तू म्हणालीस. "कोरं ठेवलं की माणूस भरणारच ना."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर फ्रिजवरचा कागद भरलेला होता. पट्टीने आखून, लाल पेनने, तुझ्या त्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. तास पाचवा, तास सहावा, मधली सुट्टी, तास सातवा, तास आठवा. प्रत्येक कोऱ्या चौकोनात. मंगळवारची भाजी खोडून शनिवारी, मामाच्या नावावर. देऊळ रविवारी. भिशीपुढे लिहिलं होतं, 'मी जाणार नाही.'

मी जेवून खाली गेले तर तू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी.

"स्वाती देशमाने."

मी वर बघत राहिले. तू परत म्हणालीस, "स्वाती देशमाने."

"हजर, बाई," मी म्हटलं, गंमत म्हणून.

तुला मुळीच गंमत वाटत नव्हती. तू दार लोटून घेतलंस.

तेव्हापासून वर्षभर, ज्या ज्या दुपारी कॉलेजात लॅब नसायची त्या प्रत्येक दुपारी ती हजेरी झाली. खाडा चालायचा नाही. ताप असला तरी 'हजर' म्हणून मग झोपायचं, अशी तुझी शिस्त. फोन आला की तू सांगायचीस, ती वर्गात आहे. लोकांना वाटायचं मी कॉलेजात आहे. एकदा आई डबा घेऊन आली. तिला तू किचनमध्ये बसवलंस आणि म्हणालीस, वन्सं, मधल्या सुट्टीत भेटा. मी नंतर चिडले तुझ्यावर, बिचारी दोन बस बदलून आली होती. पण आई घरी जाऊन बाबांना म्हणाली की शाळेबाहेर बसून आपल्या मुलीची वाट बघितली, किती वर्षांनी शाळेच्या दारात बसले. ती नंतरही मुद्दाम तासाच्या वेळीच यायची, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

डिसेक्शनहून मी यायचे तेव्हा अंगाला फॉर्मलिनचा वास असायचा. तू गॅरेजमध्ये माझ्यासाठी खुंटी ठोकून घेतली होतीस. कपडे तिथे, आंघोळ, मग किचन. त्या टेबलावर कोण असतं, असं तू एकदाच विचारलंस. मी म्हटलं, एक आजोबा, स्वतःचं शरीर शिकायला देऊन गेलेले. तू विचार करून म्हणालीस, म्हणजे तेही मास्तरच. त्या दिवशी देवाजवळ दिवा लावताना तू त्यांच्यासाठी काहीतरी पुटपुटलीस, नाव माहीत नसताना.

अॅनाटॉमीच्या प्रॅक्टिकलची माझी मोठी भीती होती ती घंटीची. एकेका टेबलावर शरीराच्या भागात पिन टोचून ठेवलेली, हा कोणता स्नायू, ही कोणती नस ते लिहायचं, आणि घंटी वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकायचं. एक अडलं की माझं मन तिथेच राहायचं आणि पुढची चार चुकायची. हे तुला सांगितलं तर तू म्हणालीस, चौथीची तोंडी परीक्षा अशीच असते. मग तू काय केलंस, तर माझ्या अॅटलासच्या पानांच्या झेरॉक्स काढल्यास, नावांवर कागदाच्या चिकटपट्ट्या लावल्यास आणि नेहाच्या पिंगपाँग टेबलाभोवती, ड्रायरवर, जिन्याच्या पायऱ्यांवर ती पानं मांडलीस. हातात किचनमधला टायमर. तो टणटणला की मी पुढे सरकायचं. मी अडून उभी राहिले की तू मागून म्हणायचीस, "आलं नाही ना? सोड. पुढचं पान तुझी वाट पाहून राहिलं."

तू पेपर तपासायचीस लाल पेनने, स्पेलिंगसकट. 'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' तुला आधी म्हणता यायचं नाही. महिनाभरात तू ते आमटीला फोडणी देताना म्हणायला लागलीस. मामाने एकदा कामावरून येऊन मान चोळली, तर तू त्याला त्या स्नायूचं नाव, तो कुठून निघतो आणि कुठे चिकटतो, सगळं सांगितलंस. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्याची बायको बदलून टाकली होती.

आणि तो केस. हातांच्या उपचारांच्या लॅबमध्ये आम्हाला बोटांना सराव म्हणून एक गंमत सांगितली होती. फोन डिरेक्टरीच्या पानाखाली एक केस ठेवायचा, डोळे मिटून वरून बोट फिरवायचं आणि केस कुठे आहे ते सांगायचं. जमलं की वर आणखी एक पान. तू लगेच डोक्यातला केस उपटून दिलास, पांढरा घे म्हणालीस, जाड असतो. मला एका पानाखालचाही सापडेना. मी दाबून दाबून बोट फिरवत होते. तू शेजारी बसून बघत होतीस.

"हलका ठेव हात," तू म्हणालीस. "वर्गात जे पोरगं गप्प असते ना, त्याला दाबून विचारलं की ते आणखी गप्प होते. नुसतं जवळ उभं राहावं लागते."

मी हात हलका केला आणि केस सापडला. मला बोटांबद्दल पुढे पुष्कळ मोठमोठ्या लोकांनी शिकवलं, मामी. पण कोणाच्याही पाठीवर हात ठेवला की मला तुझं ते वाक्यच आठवतं.

मे महिन्यात शेवटची परीक्षा झाली. प्रॅक्टिकलला तिसऱ्या टेबलावरचं मला आलं नाही. घंटी वाजली. मी सोडलं आणि पुढे गेले. निकाल लागला त्या दुपारी मी गाडी गॅरेजमध्ये घालायच्या आधीच तू दारात होतीस. मी होकाराची मान हलवली. तू आत गेलीस, फ्रिजवरचा कागद काढलास, घडी केलीस आणि म्हणालीस, "पुढच्या वर्षीचं टाइमटेबल कधी देतात?" एवढंच. मला वाटलं होतं तू मिठी मारशील. संध्याकाळी मात्र घरात पुरणपोळी होती, साधा बुधवार असताना.

आपलं खरं भांडण झालं ते दुसऱ्या वर्षी. तोवर मला माझा अभ्यास कसा होतो ते कळलं होतं. लेक्चरच्या नोट्स वर्गातली मुलं वाटून घेऊन उतरवून काढायची, त्या सगळ्यांना मिळायच्या. मी काही लेक्चरना जाणं बंद केलं आणि सकाळचे तासही खाली बसून वाचायला लागले. तुला ते कळलं आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मग बोललीस ते पुष्कळच. बाई समोर उभी आहे, शिकवून राहिली, आणि पोरं घरी बसतात? कोणासाठी शिकवायचं तिनं, बाकांसाठी? मी म्हटलं, मामी, शिकायचं शेवटी एकट्यालाच असतं, तूच तर ते चौकोन भरलेस. तू म्हणालीस, एकटी? मी वर उभी होती ना रोज. तू एकटी कधी शिकली ते मला सांग.

मी विषय बदलला. बदलून जे बोलले ते तुला लागलं असावं. मी म्हटलं, एवढी शिकवायची हौस आहे तर इथल्या शाळेत मदतनीस म्हणून का जात नाहीस, कोपऱ्यावरच आहे, मुलांना वाचून दाखवायला माणसं हवीच असतात. तू म्हणालीस, माझं इंग्रजी ऐकून पोरं हसतील. मी म्हटलं, हसू देत. तू म्हणालीस, तू तुझा अभ्यास कर. नंतर मी तो विषय दोनतीनदा काढला, दरवेळी तू टायमर लावायला उठायचीस. एकदा तेवढं म्हणालीस, "एक विद्यार्थीण पुरे मला." मी हसले. विनोद समजले मी तो.

दोन हजार पाचमध्ये मी डॉक्टर होऊन बाहेर पडले. समारंभात गळ्यात डॉक्टरकीची हिरवी पट्टी घालतात तेव्हा आईबाबा रडले, मामाने फोटो काढले आणि तू माझ्या शेजारच्या मुलाला, तो कोण हे माहीत नसताना, शर्टाची कॉलर नीट करायला लावलीस. मग तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातली उमेदवारी, आयोवातल्या एका लहान गावात. फोनवर तुझा पहिला प्रश्न ठरलेला. आज काय काय तास होते? मी दिवसभराचे पेशंट सांगायचे. तू ऐकायचीस. मध्येच एखाद्या नावाशी थांबून म्हणायचीस, त्या म्हाताऱ्याच्या घरी कोण आहे बघायला, ते विचारलंस का? बहुतेकदा मी विचारलेलं नसायचं.

या हिवाळ्यात तुझ्या यकृताचं समजलं तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. मी डॉक्टर असल्यामुळे सगळ्यांना ते समजावून सांगायची खुर्ची परत माझी. ते मी नीट केलं. फेब्रुवारीत सुट्टी काढून आले तर तू हॉलमधल्या पलंगावर होतीस, पोट फुगलेलं, श्वास वरवरचा. मी शेजारी बसले. तू डोळे न उघडता विचारलंस.

"आज काय तास आहेत?"

"आज नाहीत काही."

"कोरा चौकोन?"

"हो."

"मग बस इथं," तू म्हणालीस.

मी बसले. जरा वेळाने तुझ्या पाठीखाली दोन्ही हात घातले, बरगड्यांशी, आणि बोटांनी त्या हळूच उचलून सोडत राहिले, शिकवलं होतं तसं. त्याने आजार जात नाही, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. श्वासाला थोडी जागा होते. तुझा श्वास हळूहळू खाली उतरला आणि तुला झोप लागली. बाहेर अंगणात ऊन होतं, बर्फावरचं. नेहा दारातून बघून गेली. मी हात काढले नाहीत, मुंग्या आल्या तरी.

त्या दुपारी तुला सांगायचं होतं की त्या भांडणात तुझंच बरोबर होतं. मी एकटी शिकले नाही. मी त्या कोऱ्या चौकोनांना माझा अभ्यास म्हणत होते, पण दार लोटून वर कोणीतरी शांतता राखत होतं म्हणून तो अभ्यास झाला. तुला हेही सांगायचं होतं की तू शाळेत जायला हवं होतंस, पोरं हसली असती आणि मग दुसऱ्या आठवड्यापासून तुझ्या मागे मागे फिरली असती. पण तू झोपली होतीस आणि मला तुला उठवायचं नव्हतं. जागी झाल्यावर तू चहा मागितलास, मग मामा आला, मग मला निघायचं होतं. मार्चमध्ये नेहाचा फोन आला. ती माझ्याशी कधी नव्हे ते मराठीत बोलली.

तर त्या चार ओळी. मी अंकाच्या संपादकांना फोन केला आणि म्हटलं, तुमच्या मजकुरात चूक आहे, दुरुस्ती छापा. ते भले गृहस्थ आहेत, विचारत होते, तारीख चुकली का? मी म्हटलं, काम चुकलं. त्यांनी विचारलं, मग काय लिहू? तेव्हा मी सांगितलं ते असं: शिक्षिका. आधी नागपूर, नंतर नेपरव्हिल. एक वर्ग, एक विद्यार्थीण.

ते म्हणाले, एवढंच? मी म्हटलं, थांबा, निकाल राहिला. या महिन्यात माझी रेसिडेन्सी संपते. शेवटची परीक्षा मी पास झाले आहे. गोदामांच्या रस्त्यावर एक दवाखाना आहे, पाठ धरलेली माणसं तिथे येतात. तिथे मी फॅमिली डॉक्टर म्हणून बसणार आहे. सातवी शिकलेल्या टर्नरच्या आणि दहावी न झालेल्या आईच्या घरातली ही पहिली पदवीधर आणि पहिली डॉक्टर. पाटीवर माझ्या नावापुढे डी.ओ. लिहिलं आहे.

म्हणून लिहा, म्हटलं, शाळेचा निकाल शंभर टक्के.